ग्रोजिस्किये: धुरावलेल्या गव्हाची पोलिश बिअर, २० लिटरची कृती आणि काही शंका

धुरकट_गहू

नमस्कार मंडळी,

पोलंडमधल्या पोझ्नान शहराच्या नैर्ऋत्येला ग्रोजिस्क व्येल्कोपोल्स्की नावाचं गाव आहे. तिथली ग्रोजिस्किये ही बिअर घरी करायची आहे. मुक्काम पोलंडमध्येच, व्रोत्स्वाफला, त्यामुळे स्वतःपुरती बिअर घरी करायला कायद्याची आडकाठी नाही. सामान असं: ३५ लिटरचं स्टीलचं पातेलं, गॅसची शेगडी, मॅशसाठी (भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवायला) कापडी पिशवी, ३० लिटरचा फर्मेंटर (आंबवण्याचं भांडं) आणि फर्मेंटर मावेल असा तापमान ठरवता येणारा फ्रिज. ओकच्या धुरावर वाळवलेला गव्हाचा माल्ट (मोड आणलेला दाणा) ३ किलो हाताशी आहे. फर्मेंटरमध्ये २० लिटर उतरावी अशी अपेक्षा.

अडचण कृतींची आहे. एका ठिकाणी अर्धा माल्ट जवाचा, दुसऱ्या ठिकाणी लॅक्टिक आंबवण (दह्यासारखं, आंबट करणारं), तिसऱ्या ठिकाणी बव्हेरियन गव्हाच्या बिअरचं यीस्ट. सगळ्यांवर नाव एकच. म्हणून नेमके प्रश्न:

१. शंभर टक्के गहू घेतला तर मॅश तुंबणार. ते कसं टाळायचं?
२. ही बिअर आंबट असते की नाही?
३. जेमतेम ३ टक्के अल्कोहोल असताना ती पाणचट लागू नये यासाठी मूळ पद्धतीत काय करतात?
४. गव्हाची असूनही ती काचेसारखी नितळ कशी होते?
५. फेस आणि वायू भरपूर हवा, पण बाटल्या फुटायला नकोत. साखर किती?

आणि एक मोठा प्रश्न. गावातली ब्रुअरी १९९३ मध्ये बंद पडली. आज माल्ट जर्मनीहून येतो, यीस्ट प्रयोगशाळेतून येतं, आणि ही बिअर अमेरिकेतही बनते. मग नेमकं काय टिकलं म्हणजे तिला ग्रोजिस्किये म्हणायचं?

---

वार्ताकाठ

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या पाचांची दिशा तिथेच ठरते.

१७९३ च्या दुसऱ्या फाळणीत हे गाव प्रशियाकडे गेलं आणि पहिल्या महायुद्धानंतर पोलंडला परत मिळालं. मधल्या काळात गावाचं जर्मन नाव ग्रेट्स आणि बिअरचं ग्रेट्सर. नेमकं याच काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला, ती बाटल्यांतून दूरदूर जात होती. त्यामुळे एकाच बिअरचे उल्लेख दोन भाषांत, दोन नावांनी सापडतात. बंद पडल्यावर बाहेरच्या लोकांनी ती पुन्हा करायला घेतली तेव्हा चवीला नमुना नव्हता, फक्त वर्णनं होती. त्यातच थुरिंगियातल्या येना भागाची लिख्टनहाइनर ही दुसरी बिअर, तीही धुरकट आणि हलकी, पण आंबट. दोघींची सरमिसळ झाली. ‘आंबट ग्रेट्सर’च्या बऱ्याच कृतींचं मूळ मला या सरमिसळीतच दिसतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: ग्रोजिस्किये आंबट नसते. आंबट झाली तर ती बिघडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुअरी सरकारी झाली, पुढे मोठ्या कंपनीच्या हातात गेली आणि १९९३ मध्ये बंद झाली. ही बिअर कोणत्याही हिशेबनिसाला न परवडणारी आहे. माल्ट वेगळा धुरवायचा, वर्ट (माल्टचं गाळलेलं गोड पाणी) दोन तास उकळायचं, बिअर निवळवायची, बाटलीत पुन्हा आंबवायची, मग काही आठवडे ठेवायची, आणि एवढं करून अल्कोहोल ३ टक्के. शेजारच्या नळातून फिकट लागर दुप्पट वेगाने निघत असताना ही कोण सांभाळणार? १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाने प्ल्झेनमध्ये पहिली पिल्सनर, म्हणजे अशीच फिकट लागर, केली. तिथून पुढे शंभर-दीडशे वर्षं मध्य युरोपातल्या गावोगावच्या बिअरींचं जे झालं, तेच इथे उशिरा झालं.

ती वाचवली ती पोलिश होमब्रुअर्सनी, म्हणजे घरी बिअर करणाऱ्यांनी. त्यांच्या संघटनेने जुन्या ब्रुअरीत काम केलेल्या लोकांकडून पद्धत समजून घेतली आणि त्या ब्रुअरीचं जपून राहिलेलं यीस्ट मिळवलं. २०१५ मध्ये ग्रोजिस्कमध्येच पुन्हा उत्पादन सुरू झालं. त्याच वर्षी बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत ऐतिहासिक बिअरींमध्ये तिला जागा मिळाली.

माल्ट जर्मनीतल्या बामबर्गहून येतो याचं मला वाईट वाटत नाही, उलट समाधान आहे. शेजारच्या देशातल्या वायरमान कंपनीने ओकच्या धुराचा गव्हाचा माल्ट पोत्यात भरून विकायला ठेवला, म्हणून व्रोत्स्वाफला बसून तुम्ही आज हा प्रश्न विचारू शकता. माल्ट कुठून आला यापेक्षा तो काय आहे याला महत्त्व.

तर माझ्या मते या गोष्टी हलवता येत नाहीत: सगळा माल्ट ओकच्या धुराचा गहू, मूळ वर्ट ७ ते ८ प्लेटो (म्हणजे वजनाने शेकडा ७ ते ८ भाग विरघळलेली साखर), साझ या चेक जातकुळीचे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि जाणवणारा कडवटपणा (२० ते ३५ आयबीयू; आयबीयू हे कडवटपणाचं माप), स्वच्छ आंबवणारं यीस्ट, नितळ रूप, बाटलीतला जोरदार वायू. यातली एक जरी काढली तरी चांगली बिअर होऊ शकेल, पण तिला वेगळं नाव द्यावं. अर्धा जव घातलेली ती ‘धुरकट गव्हाची एल’. त्यात कमीपणा काही नाही.

पाण्याबद्दलही एक गोष्ट. बर्नार्ड नावाच्या बेनेडिक्टाइन साधूच्या आशीर्वादाने आटलेली विहीर पुन्हा भरली आणि बिअर सुधारली, अशी गावची आख्यायिका आहे. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच, की या बिअरला मध्यम कठीण आणि सल्फेट असलेलं पाणी मानवतं.

---

मॅशटन_मामा

वार्ताकाठांशी सहमत. आता पातेल्याकडे.

भरड. गव्हाला टरफल नाही आणि दाणा जवापेक्षा लहान व कडक. जवासाठी लावलेल्या गिरणीतून अर्धे दाणे अख्खे बाहेर पडतात. रोलरमधलं अंतर ०.९ मिमीपर्यंत आणा. पीठ होऊ देऊ नका, दाण्याचे चार-पाच तुकडे झाले की पुरे. दुकानातून भरडून आणत असाल तर गव्हासाठी अंतर कमी करायला स्पष्ट सांगा, नाहीतर माल्टातला अर्क कमी निघेल आणि ७ प्लेटोसुद्धा गाठता येणार नाहीत.

भाताचं तूस. टरफलाची उणीव यानेच भरून काढायची. ३ किलोला २०० ग्रॅम. आधी गरम पाण्यात दोनदा धुवा, म्हणजे धूळ आणि गवतट वास जातो, आणि ओलंच वापरा, नाहीतर ते मॅशमधलं पाणी पिऊन टाकतं. पिशवी वापरणाऱ्यांना वाटतं की तुसाची गरज नाही. पण गव्हाचा लगदा पिशवीच्या जाळीवर कुरडयांच्या चिकासारखा बसतो आणि पिशवी उचलली की थेंब पडत नाही.

पाणी. क्लोरिन आधी काढा. २८ ते ३० लिटरला कॅम्पडेनची (सल्फाइटची) एक गोळी विरघळवली की काही मिनिटांत काम होतं. या बिअरमध्ये हे टाळून चालणार नाही. क्लोरिन फिनॉलांना चिकटलं की औषधी पट्टीसारखा वास येतो, धुराच्या माल्टात फिनॉल आधीच असतात, आणि ३ टक्क्यांच्या बिअरमध्ये तो वास झाकायला दुसरं काही नसतं. पाणी मऊ असेल तर २८ लिटरला ४ ग्रॅम जिप्सम घाला, त्याने सल्फेट साधारण ८० मिग्रॅ प्रति लिटरने वाढतं. पाणी आधीच कठीण असेल तर घालू नका. पाणीपुरवठ्याचा अहवाल बघून ठरवा.

मॅश. १५ लिटर पाणी ४० अंशांवर आणा आणि भरड व तूस हळूहळू ढवळत घाला. तापमान ३८ च्या आसपास स्थिरावेल.

३८ अंशांवर ३० मिनिटं. इथे गव्हातला डिंक सैल होतो. ही पायरी गाळली की पुढे गाळताना रडायची वेळ येते.

मग ५२ अंशांपर्यंत, मिनिटाला एक अंश या वेगाने. तिथे २० मिनिटं. जुन्या पद्धतीत इथे ३० मिनिटं ते तासभर थांबत. आजच्या माल्टात प्रथिनं आधीच बरीच तुटलेली असतात. जास्त थांबलात तर फेस धरून ठेवणारी प्रथिनंही जातात.

मग थेट ७० अंश, ३० मिनिटं. ६२-६५ वर रेंगाळू नका. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ६२ च्या आसपास काम करणारं विकर (एन्झाइम) सगळी साखर यीस्टला पचेल अशी करून टाकतं. सरळ ७० ला गेल्याने न पचणारी डेक्स्ट्रिनं मागे राहतात आणि हलक्या बिअरला अंग येतं. आयोडीनचा थेंब टाकून पाहा, निळा-काळा रंग येत नसेल तर स्टार्च संपला.

शेवटी ७६ अंश, ५ मिनिटं, मग गाळायला घ्या.

तापवताना पिशवीच्या तळाशी स्टीलची जाळी ठेवा आणि पळी तळाला लावून सतत ढवळा. गव्हाचा लगदा तळाला लागून करपतो, आणि तो करपट वास धुरात मिसळला की नेमकं काय बिघडलं ते कळतसुद्धा नाही. विजेच्या उघड्या कॉइलचं भांडं असेल तर धोका दुप्पट.

पीएच ५२ अंशांच्या पायरीवर मोजा, नमुना थंड करून. ५.३ ते ५.४ हवा. गव्हाचा फिकट माल्ट एकट्याने बहुतेक वेळा वरच राहतो. ८८ टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल २ मिली घाला, ढवळा, पुन्हा मोजा. एकदम ५ मिली ओतू नका.

धुणं, म्हणजे धान्यावर गरम पाणी घालून उरलेली साखर काढणं. इथे बहुतेकांचं चुकतं. दोन तासांच्या उकळीसाठी पातेल्यात २७ लिटर हवेत. मॅशमधून १२ निघतील, कारण ३ किलो धान्य ३ लिटर पिऊन बसतं. उरलेले १५ च्या १५ लिटर धान्यावरून घालवले तर शेवटी नुसतं कोमट पाणी वाहतं, पीएच चढतो आणि तुरट टॅनिन उतरतं. हलक्या बिअरमध्ये हा तुरटपणा लगेच जिभेला लागतो. म्हणून ७६ अंशांच्या १२ लिटरने धुवा, खाली येणारं द्रव २ प्लेटोच्या खाली गेलं की थांबा, आणि उरलेली भर साध्या पाण्याने थेट पातेल्यात टाका. उकळीआधी साधारण ६ प्लेटो दिसले पाहिजेत.

मध्येच तुंबलं तर पिशवी पिळू नका. नळ बंद, हलक्या हाताने एकदा ढवळा, १० मिनिटं थांबा, मग नळ अगदी थोडा उघडा. मॅश ७० च्या खाली गार झाला असेल तर आधी तापवा, कारण गार लगदा जास्त घट्ट असतो.

उकळी. १२० मिनिटं, खळखळती, झाकण उघडं. तासाला ३ लिटर वाफ धरली तर २१ लिटर उरतात आणि मापन ७.७ प्लेटोच्या आसपास येतं. एवढी लांब उकळी गव्हाची प्रथिनं गोळा होऊन खाली बसावीत म्हणून. नितळपणाची सुरुवात इथून होते. पहिला तास हॉप्स नाहीत. नंतर ४ टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा त्याचाच) लुबेल्स्की हॉप्स ३५ ग्रॅम, शेवटची ३० मिनिटं उरली असताना आणखी १५ ग्रॅम. एकूण २५ आयबीयूच्या आसपास. परंपरेने हॉप्स शेजारच्या नोवी तोमिश्लचे. लुबेल्स्की त्याच जातकुळीतले आहेत आणि सहज मिळतात. शेवटच्या १० मिनिटांत आयरिश मॉस (निवळवणारं समुद्री शेवाळ), पाकिटावरच्या प्रमाणात. २० मिनिटांत २० अंशांपर्यंत थंड करता आलं तर फार चांगलं, प्रथिनं नीट बसतात.

माल्टची अदलाबदल कोणी सुचवेल, म्हणून आताच: बामबर्गचा बीचच्या धुराचा जवाचा माल्ट चालत नाही, त्याने डुकराच्या खारवलेल्या मांसासारखा वास येतो. व्हिस्कीसाठीचा पीटच्या धुराचा माल्ट तर अजिबात नको. ओकचा धूर कोरडा आणि सौम्य असतो, म्हणूनच शंभर टक्के घेता येतो. आणि माल्ट जुना नसावा. उघड्या पोत्यात धुराचा वास उडून जातो. मूठभर चावून पाहा, चव आली नाही तर बिअरमध्येही येणार नाही.

---

धुरकट_गहू

मामा, धुण्याचा मुद्दा कुठल्याच कृतीत सापडला नव्हता. एक शंका: ५२ अंशांवर २० की ३० मिनिटं? आणि यीस्ट कोणतं?

---

वार्ताकाठ

मी ३० म्हणेन. लांब उकळी आणि थोडी लांब प्रथिन-पायरी ही जोडी त्या नितळपणासाठीच होती. फेस ठेवायला गहू पुरेसा आहे.

---

निवळशंख

५२ वर २० पुरे, या बाबतीत मामांच्या बाजूने. नितळपणा पुढे मिळवता येतो, गेलेला फेस परत येत नाही.

यीस्ट. पोलंडमध्ये आहात तर ग्रोजिस्कच्या जुन्या ब्रुअरीतून आलेला स्ट्रेन (यीस्टचा वाण) स्थानिक विक्रेत्यांकडे विचारा, पहिली पसंती तीच. नाही मिळाला तर कोरडं नॉटिंगहॅम १६-१७ अंशांवर. या तापमानाला ते स्वच्छ राहतं आणि नंतर तळाला घट्ट बसतं. के-९७ हे दुसरं कोरडं यीस्ट लोक सुचवतात, चव बरोबर येते, पण ते बराच काळ तरंगत राहतं आणि नितळ व्हायला आठवडे लावतं. बव्हेरियन गव्हाचं यीस्ट नको. लवंग आणि केळ्याचा वास धुरावर चढला की दोन्ही ओळखू येत नाहीत. ७.७ प्लेटोच्या २० लिटरला ११ ग्रॅमचं एक पाकीट भरपूर.

पाच-सहा दिवसांत आंबवण संपतं. मग दोन दिवस २० अंशांवर ठेवा. शेवटचं मापन (पाण्याच्या तुलनेतली घनता) १.००७ ते १.००९ मध्ये, आणि सलग तीन दिवस तेच हवं. अल्कोहोल साधारण ३ टक्के. पीएच ४.२ ते ४.४ असेल तर ठीक. ४ च्या खाली गेला असेल तर जंतू शिरले आहेत. अल्कोहोल कमी आणि हॉप्स बेताचे म्हणजे बिअरला स्वतःचं संरक्षण थोडंच, त्यामुळे थंड झाल्यानंतर लागणारी प्रत्येक नळी, नळ आणि झाकण निर्जंतुक हवं. प्लास्टिकच्या नळाचे दोन्ही भाग सुटे करून धुवा, संसर्ग बहुतेक वेळा तिथूनच येतो.

निवळवणं. ग्रोजिस्कमध्ये आयसिंग्लास वापरत, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं. (आपल्या किनाऱ्यावरच्या घोळ माशाची ही पिशवी ज्या भावाने विकली जाते, त्यामागे हाही एक उपयोग आहे.) तयार द्रवरूपात मिळतं, प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. हे लक्षात ठेवा, की ते मुख्यतः यीस्ट खाली ओढतं, थंडीत येणारा प्रथिनांचा धूसरपणा नाही. तो उकळी आणि थंड साठवणीतच जातो. आयसिंग्लास उष्णतेने मरतं, २० अंशांपेक्षा जास्त ठिकाणी ठेवलेली बाटली विकत घेऊ नका.

जिलेटिन हा सोपा पर्याय. बिअर ३ अंशांवर एक दिवस ठेवून ४ ग्रॅम जिलेटिन १५० मिली पाण्यात ७० अंशांपर्यंत विरघळवा, उकळू नका, आणि ओता. ४८ तास हलवू नका. दोन्ही प्राणिज आहेत. ते नको असेल तर सिलिका सोल, किंवा काहीच न घालता ३ अंशांवर आणखी दोन आठवडे.

बाटल्या. लक्ष्य ३.३ आयतन वायू, म्हणजे लिटरभर बिअरमध्ये ३.३ लिटर वायू. बिअरमध्ये आधीच विरलेला वायू साधारण ०.८५ आयतन धरा. इथे नेहमीची चूक होते: साखरेच्या गणकयंत्रात बिअरचं तापमान विचारतात आणि लोक थंड केलेले ३ अंश भरतात. आंबवण संपल्यावरचं सर्वांत जास्त तापमान भरायचं, म्हणजे तुमच्याकडे २०. तीन अंश भरलेत तर आत भरपूर वायू आहे असं गृहीत धरून यंत्र साखर कमी सांगेल, आणि बिअर मिळमिळीत होईल.

२० वरून हिशेब केला तर साधी साखर लिटरला ९.३ ग्रॅम. गाळ सोडून १९ लिटर भरणार असाल तर १७७ ग्रॅम. फर्मेंटरमध्ये किती आहे त्यावर नाही, प्रत्यक्ष बाटल्यांत किती जाणार त्यावर मोजा. साखर ३०० मिली पाण्यात उकळून थंड करा, बाटली भरण्याच्या बादलीत आधी ती, वर बिअर, आणि निर्जंतुक पळीने हळू ढवळा. नीट मिसळली नाही तर अर्ध्या बाटल्या सपाट आणि अर्ध्या धोकादायक. निवळवल्यावर यीस्ट फार कमी उरतं, म्हणून त्याच कोरड्या यीस्टचे १ ते २ ग्रॅम थोड्या पाण्यात भिजवून सोबत घाला.

एवढा दाब साध्या पातळ ३३० मिलीच्या बाटलीत भरू नका. जर्मन गव्हाच्या बिअरच्या जाड अर्ध्या लिटरच्या, नाहीतर शॅम्पेनच्या बाटल्या घ्या. काठाला टवका उडालेली किंवा ओरखडा असलेली बाजूला काढा. साध्या बाटल्याच असतील तर लिटरला ६ ग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि बिअर कमी जिवंत लागेल हे मान्य करा.

---

धने_भरड

ग्रोजिस्किये सुदैवी ठरली: मरून परत आली तेव्हा तिला ओळखणारे लोक हयात होते. दुसऱ्या दोन बिअरींचं वेगळं झालं, म्हणून इथे लिहितो.

गोझ ही किंचित आंबट-खारट गव्हाची बिअर मूळची जर्मनीतल्या गोस्लारची, पण अठराव्या शतकात लाइप्झिगने ती आपलीशी केली. जवळच्या ड्योल्निट्झच्या ब्रुअरीत ती १८२४ पासून बनत होती. १९४५ मध्ये ती बंद झाली. तिथे काम केलेल्या फ्रीडरिश वुर्त्सलर यांनी १९४९ मध्ये लाइप्झिगमध्ये पुन्हा सुरू केली, आणि १९६६ मध्ये तीही थांबली. १९८० च्या दशकात लोथर गोल्डहान यांनी लाइप्झिगचं जुनं गोझ-पानगृह ‘ओने बेडेंकेन’ उभं केलं तेव्हा बिअर पूर्व बर्लिनमध्ये करून घ्यावी लागली. अमेरिकेत गेल्यावर तिचं खूप कौतुक झालं, पण आज तिथल्या बऱ्याच डब्यांवर ‘गोझ’ म्हणजे फळांचा रस, मीठ आणि जोराचा आंबटपणा. मूळ तोल सौम्य आहे: निम्मा किंवा जास्त गव्हाचा माल्ट, लॅक्टिक आंबटपणा लिंबूपाण्यापेक्षा कमी, २० लिटरला मीठ १० ते १५ ग्रॅम, धने १५ ते २० ग्रॅम शेवटच्या १० मिनिटांत. मीठ चवीला ‘लागलं’ तर जास्त झालं. ते बिअर भरून येण्यापुरतंच हवं. आयोडीन नसलेलं घ्या. फळं घालू नका असं म्हणणं नाही. आधी एकदा फळाशिवाय करून पाहावी, म्हणजे आपण कशावर काय चढवतो आहोत ते कळतं.

दुसरी बेल्जियमची विटबिअर, तीही गव्हाचीच. हुगार्डन गावातली शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद झाली, पियेर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती परत उभी केली. पुढे १९८५ मध्ये आग लागली, मोठ्या कंपनीचे पैसे आले, आणि सेलिस १९९२ मध्ये टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये जाऊन तीच बिअर करू लागले. आज पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत ‘बेल्जियन विट’ दिसते ती या माणसाच्या हट्टामुळे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, आणि तेव्हापासून राज्यात गव्हाच्या बिअरी चांगल्या रुळल्या आहेत. पण विटचा कणा म्हणजे माल्ट न केलेला कच्चा गहू, एकूण धान्याच्या ४० ते ५० टक्के, आणि थोडे ओट्स. त्याऐवजी गव्हाचा माल्ट वापरून वर संत्र्याची साल वाढवली की ती विट राहत नाही, संत्र्याच्या वासाची गव्हाची बिअर होते. कच्चा गहू आधी वेगळा शिजवलेला बरा (बारीक भरड, ३ पट पाणी, थोडा जवाचा माल्ट, १५ मिनिटं उकळी), आणि बहुतेक ठिकाणी तो वेळ वाचवायला जातात.

धन्यांबाबत मात्र आपण नशीबवान. आपले लांबट धने युरोपातल्या गोल धन्यांपेक्षा जास्त लिंबासारखे लागतात. ताजे घ्या, भाजू नका, घालण्याआधी लगेच जाडसर कुटा. जुन्या धन्यांना साबणासारखी चव येते.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. वरची मापं परवानगी आहे तिथल्या लोकांसाठी.

---

धुरकट_गहू

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: ३ किलो पूर्ण गहू, २०० ग्रॅम तूस, ३८-५२-७०-७६, ५२ वर २० मिनिटं, धुवायला १२ लिटर, १२० मिनिटं उकळी, स्थानिक स्ट्रेन मिळाला तर तो, नाहीतर नॉटिंगहॅम. निवळवायला जिलेटिन. जाड अर्ध्या लिटरच्या बाटल्या गोळा करतो. बाटल्या तयार झाल्या हे न उघडता कसं कळेल, आणि किती दिवस ठेवायच्या?

---

निवळशंख

भरताना एक बाटली मऊ प्लास्टिकची, सोड्याची असते तशी, बाकीच्यांसोबत भरून ठेवा. वरची हवा दाबून काढा आणि झाकण लावा. २०-२२ अंशांवर ती दिवसागणिक कडक होत जाईल. बोटाने दाबून अजिबात दबेनाशी झाली की काचेच्याही तयार. बहुतेक वेळा दोन ते तीन आठवडे लागतात. सहा-सात दिवसांतच दगडासारखी झाली तर काही तरी गडबड आहे: आंबवण अपुरं राहिलं किंवा साखर जास्त पडली. अशा वेळी डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड हातमोजे घालून सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवा, थंड झाल्यावर एकेकीचं झाकण किंचित सैल करून वायू सोडा आणि पुन्हा बसवा.

तयार झाल्यावर किमान दोन आठवडे थंडीत उभ्या ठेवा. गाळ तळाला घट्ट बसतो आणि वायू बिअरमध्ये नीट मुरतो. उघडण्याचं तापमान ६ ते ८ अंश. उंच, वर रुंद होत जाणारा ग्लास घ्या, एका दमात ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीतच सोडा. तीन-चार महिन्यांत संपवा. त्यानंतर आधी धूर फिका पडतो, मग हॉप्स.

---

मॅशटन_मामा

आणि स्थानिक स्ट्रेन मिळाला तर फर्मेंटरच्या तळाचा साका फेकू नका. निर्जंतुक बरणीत २०० मिली घेऊन ४ अंशांवर ठेवला तर महिनाभरात पुढच्या खेपेला वापरता येतो. बरणीचं झाकण पूर्ण घट्ट करू नका.